झडप उघडी कोणी ठेवली?

कारखान्यातून तेल सांडले की तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत दोन वाक्ये तयारच असतात : ‘परिस्थिती आटोक्यात आहे’ आणि ‘ते तेल आमचे नव्हेच’. तुमचे नव्हते, तर आटोक्यात आणलेत ते काय?

तेल नाल्यात जाते कसे, ते पाहा. फर्नेस ऑइलच्या टाकीभोवती कठडा असतो. टाकी फुटली तरी तेल आतच राहावे म्हणून. कठड्यात साचलेले पावसाचे पाणी सोडायला एक झडप असते. पाणी गेले की ती बंद करायची, एवढेच काम! ती उघडी राहिली की कठडा असून नसल्यासारखा. तेल गटारात, गटारातून नाल्यात, नाल्यातून खाडीत. मग कंत्राटी कामगारांना भुसा टाकायला जुंपायचे, उरलेसुरले पाण्याच्या फवाऱ्याने पुढे ढकलायचे आणि त्याला सफाई म्हणायचे!

1974च्या जल कायद्याचे 31वे कलम बजावते की, अशा अपघाताची वर्दी कारखाना चालवणाऱ्यानेच राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला तत्काळ द्यावी. प्रत्यक्षात ओरडतो तो जाळे बरबटलेला मच्छीमार, आणि पुरावाही त्याच्याकडेच मागितला जातो. रॉकेलचा वास मारणारी मासळी गिऱ्हाईक हुंगून बाजूला सारते. तो पंचनामा कोणत्या दप्तरात आहे? आणि राज्य सरकारने 2023मध्ये चंदेरी पापलेटला राज्यमासा म्हणून मिरवले!

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर 93.69 गुणांनी देशात पहिले आले. या प्रदूषणाविरुद्ध मच्छीमारांची मांगेला समाज परिषद 2016मध्ये राष्ट्रीय हरित लवादात गेली. शंभरावर कारखान्यांना भरपाईचा अंतिम आदेश निघाला जानेवारी 2022मध्ये. रोजच्या मासळीवर चूल पेटवणाऱ्याने सहा वर्षे कज्जा लढायचा! वास्तविक दिल्लीच्या ओलियम गळतीनंतर सर्वोच्च न्यायालयाने 1986मध्येच ठरवून टाकले आहे की, धोकादायक धंदा करणाऱ्याला ‘आम्ही काळजी घेतली होती’ ही सबब चालणार नाही.

आणि दिल्लीश्वरांनी काय केले? 2023च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातली पाच वर्षांपर्यंतची कैद पुसून दहा हजार ते पंधरा लाखांचा दंड आणला. बड्या कारखान्याला तो दंड कसला, पावती! विश्वास नेमक्या कोणत्या जनांवर?

आमची मागणी साधी आहे. तवंग दिसला आणि कारखान्याची वर्दी आली नसेल, तर गळती दडवली असे समजून त्याच दिवशी वीज-पाणी तोडा. जल कायद्याच्या 33-अ कलमाने हा अधिकार मंडळाला दिलेलाच आहे. तो वापरायला मुहूर्त कोणाला विचारायचा आहे?