रेडीमेड आवाज पुरे, आता वायर जोडा!

जालन्यात आवाजाला काही तोटा नाही. एमआयडीसीत रोलिंग मिलचा खडखडाट, वरातीत डीजेचा बास. पण यातला आपण स्वतः घडवलेला आवाज किती? वरातीतला कीबोर्डवालाही बटण दाबतो आणि कंपनीनं आधीच भरून दिलेली सनई वाजवतो. माझं म्हणणं एवढंच, की वाजवायच्या आधी एकदा आवाज बनवून बघा. त्यासाठी मॉड्युलर सिंथेसायझरसारखी दुसरी शाळा नाही.

प्रकरण सोपं आहे. एका डब्यात छोटे-छोटे भाग असतात. ऑसिलेटर सूर देतो, फिल्टर त्याचा तीक्ष्णपणा कमी-जास्त करतो, एन्व्हलप ठरवतो की आवाज टिचकीसारखा येणार की हळूहळू फुलणार. कुठला भाग कुठे जोडायचा, ते तुम्ही वायरनं ठरवायचं. वायर काढली की तो आवाज गेला, अंगणातल्या रांगोळीसारखा!

भारतात हे नवीन नाही. १९६९ मध्ये अहमदाबादच्या एनआयडीमध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्युडर यांनी मूग सिंथेसायझर बसवला आणि गीता साराभाईंसारख्या आपल्या लोकांनी त्यावर प्रयोग केले. पण ते मोठ्या संस्थेचं काम होतं. आपल्यासारख्यांनी लांबून बघायचं. पुढे युरोरॅक नावाची पद्धत जगभर पसरली. तीही महागच, एकेका मॉड्युलची किंमत ऐकून घरचे उभे करणार नाहीत.

आता मात्र चित्र बदललंय. जर्मनीत तयार होणारा एई मॉड्युलर पाच व्होल्टवर चालतो आणि त्याला लागतात साध्या जंपर वायरी. म्हणजे पॉलिटेक्निकची पोरं आर्डुइनोच्या प्रोजेक्टला वापरतात तशाच! युरोरॅकपेक्षा तो बराच स्वस्त पडतो. तेही जमत नसेल तर व्हीसीव्ही रॅक घ्या. लॅपटॉपवर फुकट चालणारं हे सॉफ्टवेअर २०१७ मध्ये आलं. आणि हातानंच करायचं असेल, तर ४०१०६ नावाची एक आयसी, काही कपॅसिटर, पोटेन्शिओमीटर आणि नऊ व्होल्टची बॅटरी घ्या. त्या एका आयसीतून सहा ऑसिलेटर निघतात. खर्च मित्रांच्या एका चहा-पोह्याएवढा.

"पण हे आपलं संगीत नाही," असं कुणी म्हणेल. अहो, पेटी तरी कुठं आपली होती? तीही युरोपातूनच आली आणि भजनात बसली. उलट पेटीत मींड निघत नाही, पट्ट्या मध्ये येतात. मॉड्युलरला पट्ट्यांची सक्तीच नाही, सूर हवा तसा सरकवता येतो. दोन ऑसिलेटर जवळपास एकाच सुरात लावले की त्यांच्यात हळू लाट उठते. तानपुरा जुळवताना अगदी हीच लाट कान शोधत असतो. गाण्याच्या क्लासला जाणाऱ्या पोरीला हे इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरापेक्षा लवकर कळेल. दोघं एका टेबलावर बसली तर काय मजा येईल!

एक धोका मात्र आहे. अजून एक मॉड्युल, अजून एक मॉड्युल करत खरेदीचाच नाद लागतो. डबा भरतो, गाणं होत नाही. म्हणून आधी फुकटातलं घ्या, दोन-तीन महिने घासा, मगच खिशात हात घाला.

आपल्या लॅबमध्ये ऑसिलेटरचं प्रॅक्टिकल होतं, स्क्रीनवर लाट दिसते, जर्नलमध्ये उतरते, सही होते. विषय संपला. ती लाट एकदा स्पीकरला जोडून ऐकली, तर तोच विषय जन्मभर लक्षात राहील. गॅदरिंगला दरवर्षी पेनड्राइव्हवरचं गाणं लावून नाचतोच की आपण. यंदा निदान एक आवाज असा असू द्या, जो जगात आधी कुणीच ऐकलेला नाही, कारण तो तुम्ही बनवलाय.