झुरळं मिक्सरमध्ये, फवारा ताटांवर? जरा थांबा!

रात्री पाणी प्यायला उठता, स्वयंपाकघरातला दिवा लावता आणि ओट्यावरून तीन-चार झुरळं सरसर पळतात. एक मिक्सरखाली शिरतं, एक मायक्रोवेव्हच्या मागे गडप होतं. अशावेळी हात आपोआप फवाऱ्याच्या डब्याकडे जातो. दोन मिनिटं फुसफुस केली की चार झुरळं उताणी पडतात आणि आपण निश्चिंत होऊन झोपतो. सकाळी त्याच ओट्यावर पोळ्या लाटल्या जातात आणि मांडणीवरच्या त्याच ताटात मुलाला डबा भरून दिला जातो.

आठवड्याने झुरळं पुन्हा हजर! मग औषध कमी पडलं असं वाटून आणखी जोरदार काहीतरी आणलं जातं. खरं तर चूक औषधाच्या ताकदीत नसते. आपण जिथे फवारतो, तिथे झुरळं राहतच नाहीत.

ती राहतात कुठे?

आपल्या स्वयंपाकघरात सर्रास दिसणारं लहान, तपकिरी रंगाचं झुरळ म्हणजे जर्मन झुरळ. डोक्यामागे दोन काळपट रेघा असतात, त्यावरून ते ओळखता येतं. त्याला ऊब, ओल आणि अंधार हवा असतो. या तिन्ही गोष्टी विजेच्या उपकरणांत आयत्या मिळतात. फ्रिजच्या मागे मोटर गरम असते आणि तिथल्या ट्रेमध्ये पाणी साचतं. मिक्सरच्या तळाला हवेसाठी भोकं असतात आणि आत सांडलेल्या चटणीचे कण असतात. मायक्रोवेव्हच्या बटणांमागची जागाही उबदार असते.

मादी एका वेळी साधारण 30 ते 40 अंड्यांची पिशवी अंगाला चिकटवून फिरते. त्या पिशवीच्या कडक कवचातून फवारा आत पोहोचत नाही. म्हणूनच समोरची झुरळं मेली तरी काही दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात. शिवाय फवाऱ्याच्या वासाने उरलेली झुरळं पांगतात आणि दुसऱ्या खोलीत किंवा शेजारच्या घरात जातात.

आधी एक टॉर्च घ्या आणि शोध घ्या. चहापत्तीसारखे काळे ठिपके दिसले की समजा, त्यांचं बिऱ्हाड जवळच आहे.

उपकरणांत फवारा नको

मिक्सर, मायक्रोवेव्ह किंवा फ्रिजच्या मोटरवर फवारा कधीच मारू नका. डब्यातला फवारा ढकलणारा वायू बहुतेकदा ज्वलनशील असतो. जवळ गॅसची शेगडी पेटलेली असेल किंवा ठिणगी उडाली तर भडका उडू शकतो.

त्याऐवजी असं करा :

* मिक्सरचा प्लग काढा, तो उलटा करा आणि कोरड्या ब्रशने तळाची भोकं साफ करा. भांडं लावायची जागा ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडी होऊ द्या.
* फ्रिजचा प्लग काढून तो पुढे ओढा. मागची धूळ काढा आणि ट्रे निघत असेल तर धुऊन घ्या.
* मायक्रोवेव्ह आतून आणि बाहेरून पुसा, पण त्याचं कव्हर घरी उघडू नका. प्लग काढल्यानंतरही आतल्या भागात धोकादायक वीज साठलेली असू शकते. झुरळं आत दिसली तर मेकॅनिकलाच बोलवा.
* रात्री झोपताना सिंक कोरडं करा, ओला पोछा पिळून वाळत घाला आणि कचऱ्याचा डबा झाकून ठेवा. खायला नसलं तरी झुरळं बरेच दिवस तग धरतात, पाण्याशिवाय मात्र त्यांना फार काळ राहता येत नाही.

यानंतर झुरळांसाठी मिळणारं जेल वापरा. मसुराच्या दाण्याएवढे छोटे थेंब ट्रॉलीच्या बिजागरीपाशी, सिंकखालच्या पाइपजवळ आणि फ्रिजच्या मागे लावा. झुरळ ते खातं, बिऱ्हाडात जाऊन मरतं आणि त्याची विष्ठा किंवा मेलेलं झुरळ खाऊन बाकीचीही मरतात. जेल लावलेल्या ठिकाणी फवारा मारू नका आणि फिनेलने पुसू नका, नाहीतर झुरळं तिकडे फिरकणार नाहीत. नवीन पिल्लं बाहेर येतात म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा थेंब लावा.

भांड्यांचं काय?

पेस्ट कंट्रोलवाले येणार असतील तर आदल्या दिवशीच ओटा, मांडणी आणि ट्रॉली रिकाम्या करा. भांडी, धान्याचे डबे आणि पाण्याचा माठ दुसऱ्या खोलीत झाकून ठेवा. लाकडी पोळपाट-लाटणं आणि चमचे तर आधी हलवा, कारण लाकूड औषध शोषून घेतं.

स्टील आणि काचेची भांडी साबणाने स्वच्छ निघतात, म्हणूनच रोजच्या वापरासाठी तीच टिकाऊ. ओरखडे पडलेल्या मेलामाइनच्या प्लेट्स आणि तडे गेलेले कप मात्र नीट साफ होत नाहीत. अशी भांडी मोह न ठेवता काढून टाका.

आणि हो, पाहुण्यांसाठी माळ्यावर जपून ठेवलेला डिनर सेट! तो अजून पुठ्ठ्याच्या खोक्यातच आहे ना? पुठ्ठ्याच्या घड्या म्हणजे झुरळांची आवडती जागा. सेट बाहेर काढा, धुवा आणि झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे रोज वापरायला घ्या. घरच्यांपेक्षा मोठे पाहुणे कोण?

या चुका महागात पडतात

घरात लहान मूल असेल तर हा भाग दोनदा वाचा.

बोरिक पावडर, कणीक आणि साखर यांच्या गोळ्या करून कोपऱ्यात ठेवायची पद्धत अनेक घरांत आहे. झुरळांवर तिचा उपयोग होतो, पण रांगणाऱ्या बाळाला ती गोळी पेढ्यासारखी दिसते. बोरिक पावडर पोटात जाणं धोक्याचं आहे. बाळाचा हात पोहोचेल तिथे ती ठेवूच नका. झुरळांचा खडूही मुलांना पाटीवरच्या खडूसारखाच वाटतो. आणि कोणतंही औषध शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवू नका.

सर्वात महत्त्वाचं म्हणजे धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या, म्हणजेच ॲल्युमिनियम फॉस्फाइड, घरात कधीही वापरू नका. दुकानदाराने दिल्या तरी नाही, ढेकूण कितीही झाले तरी नाही. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. बंद खोलीत तो जीव घेतो, फटींतून शेजारच्या फ्लॅटमध्येही शिरतो आणि त्यावर उतारा नाही. या गोळ्या वापरून रात्री शेजारच्या खोलीत झोपलेली माणसं दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत.

म्हणून पेस्ट कंट्रोलवाल्याला न लाजता तीन प्रश्न विचारा : औषधाचं नाव काय? घराबाहेर किती तास राहायचं? परवाना आहे का? भारतात कीटकनाशकाच्या पाकिटावर रंगीत खूण असते. लाल म्हणजे सर्वाधिक विषारी, मग पिवळा, निळा आणि सर्वात कमी विषारी हिरवा. लाल किंवा पिवळी खूण दिसली तर ते औषध घरात नको. घरी परतल्यावर आधी खिडक्या उघडा, ओटा साबणाने पुसा आणि मगच स्वयंपाकाला लागा.

फवारणीनंतर घरात कुणाला मळमळ, उलटी, चक्कर किंवा धाप जाणवली तर सगळ्यांना लगेच मोकळ्या हवेत न्या आणि 112 वर फोन करा. औषधाचं पाकीट किंवा त्याचा फोटो दवाखान्यात सोबत न्या. डॉक्टरांना उपचार ठरवायला त्याची मदत होते. घरच्या घरी उलटी करवू नका.

आज रात्री सुरुवात फवाऱ्याने नको, टॉर्चने करा. मिक्सर उलटा करून पाहा. तुमच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर तिथेच सापडेल.