नखांची जखम आणि ब्यूटी पार्लरचे कर्तव्य

वसई, नालासोपारा, विरार या पट्ट्यात वस्ती वाढली तशी गल्लोगल्ली ब्यूटी पार्लरेही वाढली. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. दोन खुर्च्या आणि एक आरसा एवढ्या भांडवलावर चालणाऱ्या या व्यवसायाने अनेक संसारांना आधार दिला. भुवया कोरणे, फेशियल करणे, लग्नसराईत वधूला सजवणे एवढेच त्याचे काम, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु याच खुर्चीवर अधूनमधून अशी एखादी तरुणी येऊन बसते, की जिच्या हनुवटीवर वा दंडावर ताज्या खपल्या असतात आणि त्या जखमा तिच्याच नखांनी केलेल्या असतात. अशा वेळी पार्लरचालिकेने काय बोलावे व काय करावे, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

पुटकुळी फोडणे, खपली काढणे हे थोडेफार सर्वच करतात. परीक्षेच्या दिवसांत पुस्तकावर नजर आणि गालावर बोट, हे दृश्य शिक्षकांना अपरिचित नसेल. काहींचा हात मात्र थांबता थांबत नाही. थांबवण्याचा निश्चय होतो, मोडतो, पुन्हा होतो. इंग्रज त्वचारोगतज्ज्ञ इरॅस्मस विल्सन यांनी १८७५ सालीच या अवस्थेची नोंद केली होती. तरीही स्वतंत्र मानसिक विकार म्हणून तिला अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात स्थान मिळाले ते २०१३ साली. परदेशांतील पाहण्यांत शंभर प्रौढांमागे एक-दोघांत हा विकार आढळला आहे. तो बहुधा पौगंडावस्थेत सुरू होतो. त्याला नखरा, आळस वा मनाचा दुबळेपणा म्हणणे हे अज्ञान होय.

या विकाराचे खरे बळ लज्जेत आहे. घरी ‘हात आवर’ म्हणून बोलणी बसतात. मग लांब बाह्यांचे कपडे, पावडरीचे थर आणि समारंभ टाळणे सुरू होते. डॉक्टरकडे जाण्याचा तर धीरच होत नाही. त्यामुळे प्रखर दिव्याखाली ती त्वचा प्रथम पाहणारी परकी व्यक्ती अनेकदा पार्लरचालिकाच असते. ‘काय ही चेहऱ्याची दशा! लग्न कसे जमायचे?’ हे वाक्य ती आपुलकीनेही उच्चारत असेल. पण ते ऐकून घरी गेलेली मुलगी पुन्हा आरशासमोर उभी राहते आणि नखे पुन्हा कामाला लागतात.

बोलण्याइतकाच अपाय उपचारांच्या अतिउत्साहाने होतो. वाफ देऊन पुटकुळ्या दाबून काढणे म्हणजे तेच ओरबाडणे दुसऱ्याच्या हाताने करणे होय. उघड्या जखमेवर ब्लीच वा स्क्रब लावल्यास आग होते आणि सावळ्या कातडीवर काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. गोरेपणाच्या आशेने हाती दिली जाणारी स्टेरॉइडची मलमे त्याहून घातक. अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास २०१८ साली बंदी झाली, ती उगाच नव्हे.

मग करावे काय? ‘इथे जखम आहे, आज या भागाला हात लावायला नको,’ एवढे शांतपणे सांगावे. तेही इतर गिऱ्हाइकांच्या कानी न पडेल अशा बेताने. भिंग लावलेला आरसा दूर ठेवावा. हत्यारे निर्जंतुक करावीत. जखमेवर साधी चिकटपट्टी लावली तर ती झाकली जाते आणि बोटही अडते, हे सुचवावे. जखम चिघळली असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे. आणि ही सवय अनेकांना असते व तिच्यावर उपाय आहेत, हे आवर्जून सांगावे. अझ्रिन व नन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली मांडलेल्या पद्धतीत हात केव्हा उचलला जातो हे ओळखून त्याच क्षणी मूठ मिटण्यासारखी दुसरी क्रिया करण्याचा सराव दिला जातो. तो द्यावा जाणकाराने. पार्लरने तिथवरची वाट दाखवावी.

पार्लरचालिका डॉक्टर नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच तिने उपचार न करता थांबणे अगत्याचे. मात्र ‘ठाण्याला पाठवा’ हे शब्द जिथे पिढ्यान्‌पिढ्या टोमणा म्हणून वापरले गेले, तिथे मानसोपचाराचे नाव काढणेही अवघड असते. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक अशा वेळी उपयोगी पडावा. दूरध्वनीवर बोलण्यास ना कोणाची ओळख लागते, ना लोकलचा प्रवास.

फेशियल नाकारले तर त्या दिवसाची कमाई बुडते, हेही विसरता येणार नाही. खोलीचे भाडे थकलेल्या बाईला नुसता उपदेश पुरत नाही. सौंदर्यप्रसाधनाचे शिक्षण देणाऱ्या संस्थांनी भुवया कोरण्याच्या धड्याबरोबर हा एक धडाही द्यावा, म्हणजे नकार हा व्यवसायाचा नियम ठरेल. एकटीच्या सद्‌भावनेवर तो अवलंबून राहणार नाही. जखम झाकण्यासाठी आलेल्या मुलीला निदान एका ठिकाणी तरी ती न लाजता दाखवता यावी. दोन खुर्च्यांच्या त्या खोलीला हे साधले, तर तिने समाजाचे मोठेच काम केले असे म्हणावे लागेल.