चौथी लिपी

वरणगावात आपल्या घरची मुले मकतबमध्ये अरबी, तर शाळेत मराठी आणि इंग्रजी वाचतात. म्हणजे तीन लिपी त्यांना येतातच. मग मुलगी ‘जपानी शिकू का?’ म्हणाली, तर नाही का म्हणावे?

सुरुवात हिरागाना लिपीपासून करावी. मूळ अक्षरे 46. क्रम ओळखीचा वाटतो: अ, इ, उ, ए, ओ, पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व. संस्कृत अक्षरे शिकलेल्या बौद्ध भिक्षूंमुळे तो तिकडे रुजला. उर्दूत नुक्त्याने अक्षर बदलते, तसे तिथे दोन बारीक रेघांनी ‘क’चा ‘ग’ होतो. बाहेरचे शब्द काताकाना लिपीत लिहितात. तिचीही अक्षरे 46. ‘ल’ नाही, म्हणून सलमाचे नाव ‘सरुमा’ असे लिहावे लागते.

रोज पाच अक्षरे गिरवली, तर दहा दिवसांत एक लिपी हाताखालून जाते. इंग्रजी अक्षरांचा आधार मात्र लवकर सोडावा. पुढची कांजी चिन्हे हजारोंनी आहेत, त्यांना वर्षे लागतात. म्हणून ‘तीन महिन्यांत जपानी, लगेच नोकरी’ म्हणणाऱ्याला फी देऊ नये, असे आम्हाला वाटते. पुण्यात जेएलपीटी परीक्षा होते. एन-5 ही तिची पहिली पायरी. तेवढे ध्येय ठेवून मुलीला आजच एक चौकटीची वही आणून द्या.