आधी गिटार तपासा, मग बोटे

पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांच्या घरी कपाटावर किंवा पलंगाखाली एक जुनी गिटार असते. १९७३ साली 'यादों की बारात' प्रदर्शित झाला आणि हाती गिटार घेतलेल्या झीनत अमानने एका पिढीच्या पहिल्या पगाराचे गणित बिघडवले. गोव्यात गिटार त्याआधीपासून घरचीच होती. मांडोच्या साथीला व्हायोलिन आणि घुमटाबरोबर ती असतेच. आपल्याकडे ती हौसेने आली आणि नोकरी, बदल्या, मुलांच्या परीक्षा यांत हळूहळू कपाटाच्या माथ्यावर जाऊन बसली. निवृत्तीनंतर ती खाली उतरते आणि पुढे काही दिवसांतच तिचा मालक दवाखान्यात येतो. तक्रार बहुधा दुसरीच काहीतरी असते. गिटारीचा विषय निघतो तो जाता जाता, दाराच्या मुठीवर हात ठेवून.

असेच एक गृहस्थ मध्यंतरी आले होते. वय बासष्ट, बँकेतून निवृत्त, अकरा वर्षांचा मधुमेह, साखर बऱ्यापैकी आटोक्यात. रक्तदाब मोजून झाला, चिठ्ठी लिहून झाली, आणि दारातून वळून ते म्हणाले, "डॉक्टर, ती गिटार विकून टाकतोय. बोटं संपली."

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नीचे निधन झाले. त्या गायच्या आणि हे साथ करायचे. जाहीर कार्यक्रमांत नव्हे, घरातल्या घरात, रविवारी सकाळी. पत्नी गेल्यावर त्यांनी १९७९ साली घेतलेली ती गिटार खाली काढली, पुसली, तारा सुरात आणल्या. पण पहिल्याच कॉर्डला बोटांनी दगा दिला. महिनाभर प्रयत्न केला. अंगठ्याच्या मुळाशी कळ येई, टोके लाल होत आणि सूर उमटण्याऐवजी नुसता खडखडाट निघे. "बोटं संपली" हे त्यांनी ज्या सपाट आवाजात सांगितले, तो आवाज आम्हा डॉक्टरांच्या ओळखीचा असतो. त्या आवाजातला माणूस बहुधा एका अवयवाविषयी बोलत नसतो.

त्यांना आत बोलावून हात तपासले. प्रथम नमस्कार करायला सांगितले. ही तपासणी आपणही घरी करून पाहू शकता: दोन्ही तळवे आणि बोटे एकमेकांना पूर्ण टेकतात का? दीर्घकाळ मधुमेह असणाऱ्यांच्या बोटांचे सांधे काही वेळा ताठर होतात आणि जोडलेल्या हातांत फट राहते. त्यांच्या करंगळीच्या बाजूला थोडी फट होती. अंगठ्याच्या मुळाशी दाबल्यावर दुखत होते. तेथे सांध्याची वयोमानानुसार होणारी झीज, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस, सुरू झालेली दिसत होती. मुंग्या नव्हत्या, बधिरपणा नव्हता, मुठीची ताकद चांगली होती. एवढ्या निष्कर्षांवर बोटे 'संपत' नाहीत. "पुढच्या वेळी रिपोर्टांबरोबर गिटारही घेऊन या," असे मी त्यांना सांगितले.

ते घेऊन आले. बाहेर बसलेल्या रुग्णांची त्या दिवशी चांगली करमणूक झाली.

गिटारीच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात; त्यांना फ्रेट म्हणतात. तार आणि फ्रेट यांमधले अंतर जेवढे अधिक, तेवढा बोटाला द्यावा लागणारा दाब अधिक. पोलादी तारांच्या गिटारीत बाराव्या फ्रेटवर सर्वांत जाड तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास अंतर असले, तर हात सुखाने चालतो. आमच्या दवाखान्यातल्या पट्टीने मोजले तर या गिटारीत ते जवळजवळ पाच मिलिमीटर भरले. दवाखान्यात काम करणारा चोवीस वर्षांचा मुलगा एका बँडमध्ये वाजवतो. त्याने एफ कॉर्ड धरून पाहिला आणि हात झटकत म्हणाला, "काका, हे माझ्याच्यानंही होत नाही."

मला वाटते, त्या दिवशीचा खरा उपचार ते एक वाक्य होते.

असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. नेहमीच्या जाडीच्या सहा पोलादी तारा सुरात लावल्या, की त्यांची एकूण ओढ सुमारे ७० किलोंच्या घरात जाते. म्हणजे गिटार कपाटावर स्वस्थ पडलेली असतानाही एक प्रौढ माणूस चाळीस वर्षे तिच्या मानेला लोंबकळत होता, असे समजा. मान पुढे वाकते, घोडीमागची लाकडी फळी फुगते आणि तारा वर उचलल्या जातात. त्यात आपली हवा. कोकणपट्टीतल्या पावसाळ्यात लाकूड ओलावा शोषून फुगते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ते आकसते आणि फ्रेटची टोके मानेबाहेर येऊन बोटांना ओरबाडतात. तानपुऱ्याची जव्हारी बिघडली तर गवयाने गळ्याचे औषध घेऊन काय उपयोग? गिटारीचेही तसेच आहे. जाणत्या कारागिराकडून मान सरळ करून घेणे, घोडीवरची पट्टी घासून खाली आणणे, पहिल्या फ्रेटजवळच्या खाचा पुरेशा खोल करणे आणि पातळ तारा चढवणे, एवढ्याने जुन्या वाद्याचा स्वभाव पालटतो. अमेरिकन गायक विली नेल्सन १९६९ पासून एकच गिटार वाजवत आले. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने तिच्या फळीला मोठे भोक पडले आहे, तरी ती वाजते, कारण तिची नियमित देखभाल होते. पोलादी तारा फारच टोचत असतील तर रेशीम आणि पोलाद यांच्या मिश्र तारा मिळतात, त्यांची ओढ कमी असते. मात्र नायलॉन तारांसाठी घडवलेल्या गिटारीवर पोलादी तारा कधीही चढवू नका. ती ओढ तिला सोसत नाही, घोडीच उखडते.

आता बोटांकडे वळू. जँगो राइनहार्ट हा युरोपातला थोर जॅझ वादक. १९२८ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, तो राहत असलेल्या गाडीला आग लागली आणि त्याच्या डाव्या हाताची अनामिका व करंगळी भाजून आखडली. दीड वर्ष उपचारांत गेले. त्याने वादनाची रीत नव्याने घडवली: धावत्या सुरावटी बहुतांशी तर्जनी आणि मध्यमेने, अधू बोटांचा उपयोग काही कॉर्डपुरता. १९३४ मध्ये पॅरिसला उभ्या राहिलेल्या त्याच्या पंचकाचे ध्वनिमुद्रण ऐकताना ही दोन बोटांची किमया आहे हे सांगूनही पटत नाही. पुढे १९६५ साली बर्मिंगहॅममधल्या कारखान्यात टोनी आयोमी नावाच्या सतरा वर्षांच्या डावखुऱ्या मुलाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्रात तुटली. निराश झालेल्या त्या मुलाला कारखान्यातल्या वरिष्ठाने जँगोची ध्वनिमुद्रिका ऐकवली. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, पातळ तारा लावल्या, नंतर तारा मूळ सुरापेक्षा खाली उतरवल्या आणि 'ब्लॅक सॅबथ' या बँडमधून नाव कमावले. ही उदाहरणे सांगताना मी थोडा सावध असतो, कारण अलौकिक माणसांच्या गोष्टींनी सामान्य रुग्ण कधी कधी अधिकच खचतो. पण दोघांनीही पूर्वीची बोटे परत मागितली नाहीत. वाद्य आणि रीत बदलली, एवढे आपल्यालाही घेता येते.

आमच्या गृहस्थांचा एफ कॉर्ड परत आला नाही. एका बोटाने सहाही तारा दाबून धरण्याचा ताण अंगठ्याच्या मुळावरच येतो आणि तो टाळा, असे मीच सांगितले. आता ते कॅपो लावतात, म्हणजे तारा दाबून धरणारी चाप, आणि सोपे कॉर्ड धरतात. फ्रेटच्या अगदी लगत बोट ठेवले तर निम्मे श्रम वाचतात, हे त्यांना त्या बँडवाल्या मुलाने शिकवले. वाजवण्याआधी पाच मिनिटे कोमट पाण्यात हात, मनगट शक्यतो सरळ, पंधरा-वीस मिनिटांनी विश्रांती. बोटांच्या टोकांवर घट्टे पडायला काही आठवडे लागतात. तोवरचे चुरचुरणे स्वाभाविक आहे. दुसऱ्या दिवशीही टिकणारे दुखणे मात्र स्वाभाविक नाही.

काही लक्षणांत गिटारीला दोष देत बसू नये. रात्री अंगठा, तर्जनी आणि मध्यमा यांत मुंग्या येऊन जाग येत असेल, तर मनगटातली नस दबत असण्याची शक्यता आहे. सकाळी हात तासाहून अधिक काळ आखडत असतील आणि सांधे सुजत असतील, तर संधिवाताची रक्ततपासणी हवी. बोट वाकवल्यावर अडकून खटकन सुटत असेल, तर तेही दाखवावे. मधुमेहींमध्ये हे अधिक आढळते. दुखत काहीच नाही, पण वाजवतानाच एखादे बोट आपोआप मुडपते, असे असेल तर मज्जासंस्थेच्या तज्ज्ञांना भेटावे. मधुमेहामुळे बोटे बधिर असतील तर वाजवून झाल्यावर टोके डोळ्यांनी पाहण्याची सवय लावा, कारण जखम झालेली कळणार नाही. वेदनाशामक गोळी घेऊन वाजवायला बसण्याचा एक नवा प्रकार मला दिसू लागला आहे. तो मला मुळीच पसंत नाही. गोळी कळ लपवते, ताण लपवत नाही. शिवाय रक्तदाब आणि मूत्रपिंड यांचा हिशेब वेगळाच.

आणि गिटार खाली काढाल तेव्हा दम्याच्या रुग्णाने ती पेटी स्वतः उघडू नये. वर्षानुवर्षांची धूळ आणि बुरशी आत असते. दुसऱ्या कुणाला तरी गच्चीवर नेऊन ती पुसायला सांगा. गंजलेल्या तारा वाजवून पाहण्याचा मोह आवरा आणि त्या आधी काढून टाका. त्या तुटताना चांगलाच ओरखडा काढतात, आणि अशा वेळी धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले होते, ते बहुतेकांना आठवत नाही.