आधाराने हात आळसत नाही

मस्क्युलर डिस्ट्रॉफी असलेल्या मुलाच्या घरी आर्म सपोर्टचा, म्हणजे हाताचे वजन पेलणाऱ्या साधनाचा, विषय निघाला की चार आक्षेप ठरलेले असतात. "आयता आधार दिला तर उरलासुरला हातही आळशी होईल." "आई भरवतेच आहे, मग यंत्र कशाला?" "जनुकीय उपचार येतोय, तोवर थांबू." आणि शेवटचा, "आजार वाढणारच आहे, दोन-चार वर्षांसाठी एवढा खर्च कशाला?" हे बोलणारी माणसे निष्ठुर नसतात. रात्री तीन-चारदा उठून मुलाची कूस बदलून देणारी हीच माणसे. त्यांच्या म्हणण्याला म्हणूनच नीट उत्तर द्यायला हवे. माझे म्हणणे आधीच सांगतो: आर्म सपोर्ट ही चैन नाही आणि हार पत्करणेही नाही. हातात जेवढी शक्ती शिल्लक आहे तेवढी कामी लावण्याचा तो सरळ मार्ग आहे, आणि तो लवकर धरला पाहिजे.

आधी दुखणे कुठे आहे ते पाहू. या आजाराच्या ड्युशेन प्रकारात स्नायूंच्या पेशींना सांभाळणारे डिस्ट्रोफिन हे प्रथिन तयारच होत नाही. उपचार नसतील तर मुलाचे चालणे साधारण बाराव्या वर्षापर्यंत थांबते आणि मग हातांची पाळी येते. पण सगळा हात एकदम जात नाही. खांद्याचे आणि दंडाचे स्नायू आधी थकतात, बोटांचे सर्वांत शेवटी. म्हणजे मधली काही वर्षे अशी असतात की बोटे घास करू शकतात, पेन धरू शकतात, मोबाइल चालवू शकतात, पण त्यांना कामाच्या जागी नेऊन पोचवणारा खांदा उरलेला नसतो. माणसाच्या एका हाताचे वजन शरीराच्या सुमारे ५ टक्के असते. चाळीस किलोच्या मुलाला घास उचलताना त्याआधी स्वतःचा दोन किलोंचा हात उचलावा लागतो. घास हलका आहे, जड आहे तो हात.

मुले यावर आपापल्या युक्त्या काढतात. कोपर टेबलावर टेकवून हात वर ढकलतात, एका हाताने दुसऱ्याला टेकू देतात, धड पुढे झोकून तोंडच ताटाजवळ नेतात. पाठीचा कणा वाकत गेल्यामुळे शस्त्रक्रिया करून सळ्या बसवल्या की बसणे सुधारते, पण धड झोकण्याची ती युक्ती संपते. कालपर्यंत स्वतः जेवणारा मुलगा शस्त्रक्रियेनंतर जेवू शकेनासा होतो आणि घरचे गोंधळतात. ही शक्यता आधीच ओळखून हाताच्या आधाराची तयारी व्हायला हवी. ती बहुधा होत नाही.

आता पहिला आक्षेप, आळसाचा. ज्याचे स्नायू धडधाकट आहेत त्याच्या बाबतीत तो खराच आहे, कारण ताण दिला की तसा स्नायू भक्कम होतो. डिस्ट्रोफिन नसलेल्या स्नायूची गोष्ट वेगळी आहे. वजन पेलत पेलत लांबताना त्याच्या पेशींची आवरणे फाटतात. म्हणून 'जोर लाव, अजून उचल' हा आग्रह इथे घातक ठरतो. पण अजिबात न हलवलेला स्नायूही झिजतो आणि सांधे आखडतात. मग उरते ती मधली वाट: हालचाल पुरेशी, ओझे कमी. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ड्युशेन असलेल्या तीस मुलांवर केलेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. २४ आठवडे मोटारीच्या मदतीने हातापायांचे सायकलिंग करणाऱ्या मुलांची हालचालीची क्षमता टिकून राहिली. ते न करणाऱ्यांची घटली. ते सायकलिंग होते, आर्म सपोर्ट नव्हता, हे मी मान्य करतो. पण मदत घेऊन केलेली हालचाल स्नायूला मारत नाही, एवढे तरी त्यातून दिसते. शिवाय स्प्रिंगवर चालणारा आर्म सपोर्ट स्वतःहून हात हलवत नाही. तो फक्त वजन पेलतो, हलवायचे काम मुलाच्याच स्नायूने करायचे असते. आळस आणतो तो आधार नव्हे. दिवसभर मांडीवर पडून राहिलेला हात आळशी होतो.

दुसरा आक्षेप मायेचा. आई भरवते, यात वाईट काय? वाईट काहीच नाही. पण हात फक्त जेवायला लागतो का? नाकावर डास बसला, चष्मा घसरला, पुस्तकाचे पान उलटायचे आहे, डोक्याला खाज सुटली, अशा प्रत्येक वेळी चौदा वर्षांच्या मुलाने हाक मारायची आणि कोणीतरी येईपर्यंत वाट पाहायची. काही मुले हाक मारणेच सोडून देतात. आपण सतत कोणाला तरी उठवतो याची त्यांना लाज वाटू लागते. आणि भरवणाऱ्या आईचे काय? तिचे ताट झाकून ठेवलेले असते, सगळ्यांचे आटोपल्यावर ती गार जेवण जेवते. आर्म सपोर्ट आईची माया काढून घेत नाही. तो फक्त मायेला दिवसातून तीस वेळा धावायला लावत नाही.

तिसरा आक्षेप आशेचा आहे, म्हणून तो सर्वांत अवघड. अमेरिकेत २०२३ मध्ये ड्युशेनसाठी एलिव्हिडिस या जनुकीय उपचाराला मान्यता मिळाली, एका डोसची किंमत ३२ लाख डॉलर. ही बातमी वाचून किती घरांत उमेद जागी झाली असेल! पण ज्या स्नायूची जागा चरबीने आणि तंतुमय ऊतीने घेतली आहे, तो असा उपचार परत आणून देत नाही. २०२५ मध्ये चालणे थांबलेल्या दोन किशोरवयीन रुग्णांचा या उपचारानंतर यकृत निकामी होऊन मृत्यू झाला आणि त्या गटासाठी औषधाचा पुरवठा थांबवण्यात आला. हात थकण्याच्या टप्प्यावर जी मुले येतात, ती नेमकी याच गटातली. संशोधन पुढे जावे, ही प्रार्थना माझीही आहे. पण उद्याच्या उपचारासाठी आजचा हात थांबवून ठेवता येत नाही.

चौथा आक्षेप खर्चाचा आणि काळाचा. दोन-चार वर्षे म्हणजे थोडी का? अकरा ते पंधरा ही मुलाची शाळेची वर्षे आहेत, मित्रांबरोबर डबा खाण्याची वर्षे आहेत. वाढत्या मुलाच्या चष्म्याचा नंबर दरवर्षी बदलतो म्हणून चष्माच नको, असे कोणी म्हणत नाही.

खंडन इथे पुरे. आता आधाराचे काम कसे चालते ते सांगतो, कारण त्यात गूढ काही नाही. कोकणात विहिरीवरची लाट ज्यांनी पाहिली आहे त्यांना ते लगेच कळेल. लांब दांड्याच्या एका टोकाला दगड, दुसऱ्या टोकाला पोहरा. दगड वजन तोलतो, म्हणून भरलेला पोहरा बाईमाणूसही सहज वर काढते. आर्म सपोर्टमध्ये दगडाच्या जागी स्प्रिंग किंवा रबर असते. इंग्लंडमध्ये मोटारींच्या स्प्रिंगांवर काम करणाऱ्या जॉर्ज कारवर्डाइन यांनी १९३२ मध्ये अशाच तत्त्वावर टेबलावरच्या दिव्याचे पेटंट घेतले. तो दिवा जिथे सोडावा तिथे थांबतो. हातही तसाच तरंगता ठेवता येतो. पोलिओच्या काळात बेअरिंगवर फिरणाऱ्या पन्हळीत कोपराखालचा हात ठेवून माणसे जेवू लागली होती. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात तारिक रहमान यांनी लहान मुलांसाठी रेक्स हे साधन केले, त्यात हाताचे वजन चक्क रबरबँडवर तोलले जाते. मूल वाढले की रबरबँड वाढवायचे.

खरे कौशल्य जुळवणीत आहे. आधार कमी पडला तर हात उचलत नाही आणि जास्त झाला तर वर गेलेला हात खाली आणायला बळ पुरत नाही, तो तोंडापाशीच तरंगत राहतो. हिवाळ्यात स्वेटर घातला तरी हिशेब बदलतो. शिवाय ही साधने काट्याचमच्याने जेवणाऱ्यांसाठी घडलेली आहेत. आमटीभात कालवायला, भाकरीचा तुकडा मोडायला मनगट मोकळे हवे आणि हात फिरता हवा, म्हणून पन्हळ मनगटाच्या बरीच अलीकडे संपली पाहिजे. मराठी लिहिताना प्रत्येक शब्दावर शिरोरेषा ओढावी लागते. त्यासाठी हात आडवा सरकला पाहिजे, आणि नेमके तेच खांदा गेलेल्या मुलाला जमत नाही. हे सगळे इथल्याच माणसाने बसून जुळवायचे आहे. ज्याचे सांधे फार आखडले आहेत त्याला स्प्रिंगचा आधार पुरत नाही आणि बोटेही थकली की मोटारीची साधने लागतात, हेही खरे. प्रत्येकाला हे साधन चालेलच, असा माझा दावा नाही. बसवून, वापरून, बदलून पाहिल्याशिवाय 'चालत नाही' असे कोणी ठरवू नये, एवढाच आग्रह आहे.

या जुळवणीची विद्या महाराष्ट्राला नवी नाही. भारतातली ऑक्युपेशनल थेरपीची पहिली शाळा कमलाबाई निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफीचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. गरजूंना सहाय्यक साधने देणारी केंद्राची एडिप योजना १९८१ पासून चालू आहे. विद्या आहे, कायदा आहे, योजना आहे. पण दिव्यांग मुलाला साधन द्यायचे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर व्हीलचेअरच येते, हात येतच नाही. म्हणून पालकांना सांगणे आहे की चालणे थांबायची वेळ जवळ आली की डॉक्टरांना पायांबरोबर हातांविषयीही विचारा. फिजिओथेरपिस्टबरोबर ऑक्युपेशनल थेरपिस्टलाही भेटा. आणि इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या मुलांना सांगणे आहे की प्रकल्पासाठी विषय शोधत असाल तर अशा एखाद्या घरी जा आणि जेवणाच्या वेळी तिथे बसा.

तिथे जे दिसेल त्यावरूनच साधनाची परीक्षा करा. हात किती अंश वर गेला, हे मोजमाप प्रयोगशाळेत ठीक आहे. घरातले मोजमाप वेगळे: मुलाचे आणि आईचे ताट एकाच वेळी वाढले गेले का, आणि दोघेही गरम जेवण जेवले का.