केस कापले आणि मी पुन्हा ‘सर’ झालो

आईनं माझ्यासाठी तुळजाभवानीला नवस केला होता. तो फेडायचा म्हणून मी वर्षभर केस आणि दाढी राखली. कळंब तालुक्यातल्या एका शाळेत मी सोळा वर्षं गणित शिकवतो, त्यामुळं गावात कुणी काही म्हटलं नाही. धाराशिवच्या बाजारात मात्र त्या वर्षी मी दुसराच माणूस झालो.

मुलीच्या पैंजणाचा घुंगरू निखळला म्हणून एका सराफाकडे गेलो. रविवार होता. अंगात चुरगळलेला सदरा, गळ्यात कवड्यांची माळ, हाताला धरलेली नऊ वर्षांची मुलगी. मी पायरी चढलो तसा मालकानं समोरचा अंगठ्यांचा ट्रे उचलून आत ठेवला. पैंजण हातात घेऊन पहिला प्रश्न केला, ‘‘हे कुठून आणलं?’’ पावती त्याच्याच दुकानाची होती. ती दाखवल्यावर घुंगरू बसला, पण ट्रे काही बाहेर आला नाही.

त्यानं माझी जात विचारली नव्हती, अवतारावरून ताडली असावी. आता गंमत अशी की मी खरोखरच पारधी आहे. म्हणजे त्याची पहिली पायरी बरोबर आली. दुसरी चुकली : पारधी, म्हणजे चोर. गणितात अशा पायरीचे गुण कापतात, बाजारात कुणी कापत नाही.

ही पायरी त्या दुकानदारानं शोधलेली नाही. 1871 साली इंग्रजांनी कायदाच केला, की काही जमाती जन्मानंच गुन्हेगार. आमच्यापासून जवळ, सोलापुरात, अशा लोकांना तारेच्या कुंपणात ठेवत. तो भाग आजही सेटलमेंट या नावानंच ओळखला जातो. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या जाऊ लागल्या. आमच्या भागात पारध्यांच्या वस्तीला ‘पारधी पिढी’ म्हणतात. संशय मात्र पिढीजात चालत आला. शिवारात मोटार चोरीला गेली की तपासाची पहिली गाडी पिढीवर येते.

आमच्यातलं कुणी चोरी करतच नाही, असं मी म्हणणार नाही. करतात, आणि पकडले गेले तर शिक्षा व्हावी. पण दुसऱ्या वस्तीतला एक पोरगा सापडला तर त्याच्या चुलत्याला दुकानातून कुणी उठवत नाही. आमचा सापडला की सगळे चुलते चोर ठरतात.

दिसण्यावरून काढलेला निष्कर्ष कुठवर जातो, ते महाराष्ट्रानं 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाहिलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथं गेले होते. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती. जमावानं पाचही जणांना ठेचून मारलं. अनोळखी चेहरा आणि परगावचा वेष, एवढाच ‘पुरावा’ होता.

3 ऑक्टोबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगांतल्या जातिभेदाच्या खटल्यात निकाल दिला. विमुक्त जमातीच्या माणसांना मनमानीनं अटक होऊ नये, असंही त्यात पोलिसांना बजावलं. ते प्रत्येक ठाण्यात वाचलं जावं, ही माझी पहिली मागणी. दुसरी तुमच्याकडे आहे. आपल्या मराठवाड्यात अनोळखी माणूस दारात आला की आधी पाण्याचा तांब्या पुढं येतो, मग विचारतात, ‘‘कुठलं गाव, पाव्हणं?’’ हाच प्रश्न आम्हाला हातात काठी घेऊन विचारला जातो. प्रश्न विचारू नका, असं मी म्हणत नाही. फक्त तांब्या आधी येऊ द्या.

तुळजापूरला केस देऊन आलो आणि पुढच्या आठवड्यात, इस्त्रीच्या शर्टात, खिशाला पेन लावून, त्याच दुकानात गेलो. ‘‘या सर, बसा. चहा सांगू?’’ अंगठ्यांचा ट्रे समोरच होता. मागच्या वेळी आलो होतो, हे मी सांगितलं. त्याला आठवेना.

मुलीला आठवत होतं. बाहेर पडल्यावर ती म्हणाली, ‘‘बाबा, आजीला सांगा, आता दुसरा कसला तरी नवस कर.’’